चंद्रावळ हत्तीण वाचावी म्हणोन दरबाराने इंग्रजी जोडक्रिया शिकल्या, ती हकीकत

॥ श्री ॥

नमन त्या नादरूप परमेश्वरास, ज्याने जिभेस शब्द दिला, शब्दास सूर दिला आणि सुरास श्रोते दिले. नमन त्या कीर्तनाच्या जागेस, जेथे उभे राहिले असता रंक रायास चार गोष्टी सुनावतो आणि राव खाली बसून मान डोलावतो. ऐसे वंदन करून शके सत्राशे सत्तेचाळीस, पार्थिव नाम संवत्सरी, डोंगरांच्या कुशीतील एका राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही. राज्य इतके लहान की नाव लिहिता कागदावर राज्याहून नावच मोठे दिसावे. तेथे श्रीमंत यमाजीराव महाराज राज्य करीत असत. मन लोण्याचे, स्वभाव भिडस्त. चारचौघांत बोलावयाचे म्हणजे घशास कोरड पडे, म्हणोन निवाडा सांगणे तो कारभारी विसाजीपंत यांच्या कानात सांगत, आणि मग पंत तो मोठ्याने सांगत आणि आपल्या पदरचे दोन शब्द त्यात मिळवीत. राज्याचे गजदळ म्हणजे एकच हत्तीण, नाव चंद्रावळ. एक डोळा अधू, कान कडांनी झिजलेले, चालताना मागील पाय ओढीत असे. महाराजांच्या मातुःश्री त्यांच्या बाळपणीच वैकुंठवासी जाहल्या, तेव्हां महाराज रडू लागले की दाई त्यांस उचलून हत्तिणीच्या पुढील दोन पायांमध्ये नेऊन बसवी, आणि चंद्रावळ सोंडेने फुंकर घालून त्यांस निजवी. पुढे महाराज मोठे जाहले, गादीवर बसले, परंतु पहाटे उठून आधी देवदर्शन आणि मग चंद्रावळीस आपल्या हाते उसाचे कांडे, हा नेम कधी चुकला नाही.

त्या साली टोपीकर इंग्रजांचे लष्कर घाटाखाली येऊन उतरले, आणि त्यांचे सरदार गिरनफील साहेब यांचा हुकूम आला की आमच्या तोफा घाट चढवावयाच्या आहेत, तरी सर्व संस्थानिकांनी आपापले हत्ती कार्तिकी पौर्णिमेस आमचे हवाली करावे. कोणास काही अर्ज करणे असेल तर राजाने स्वमुखे आमच्या भाषेत करावा, दुभाष्या आणू नये. दुभाष्यास मनाई होण्याचे कारण ऐसे की मागील दुभाष्या मोठा कळीचा नारद निघाला. इकडची साखर तिकडे मीठ करून सांगावी आणि दोहींकडून शालजोडी घ्यावी, हा त्याचा धंदा उघडकीस आला होता. हुकूम वाचोन महाराजांचे तोंड उतरले. विसाजीपंत म्हणाले, "महाराज, एक म्हातारी हत्तीण देऊन राज्यावरील बला टळत असेल तर द्यावी. उगाच टोपीकराशी वैर का?" महाराज म्हणाले, "पंत, ती घाट चढावयाची नाही. पहिल्याच वळणावर बसेल आणि ते तिला अंकुशाने टोचटोचून मारतील. तुमच्या आजीस कोणी तोफेस जुंपतो म्हणाले तर तुम्ही काय कराल?" पंत म्हणाले, "आमची आजी असती तर तोफच पळाली असती, महाराज. पण अर्ज करणार कोण? आपण आपल्या भाषेत बोलताना पाणी मागता." हे ऐकोन राणी सगुणाबाईसाहेब चिकाच्या पडद्याआडून बोलल्या, "पंत, पाणी मागतील, पण बोलतील. शिकविणारा पहा." आणि मग मसलत ठरून हरिदास त्रिविक्रमबुवा यांस पाचारण जाहले.

बुवा देवळात कीर्तन करीत. आवाज ऐसा की समयीच्या वाती स्थिर व्हाव्या, आणि पोट ऐसे की उपरणे कंबरेस बांधिले तरी गाठ सुटावी. बाळपण कोकणात बंदरावर गेले, टोपीकरांच्या वखारीत उठबस होती, म्हणोन ती भाषा त्यांच्या जिभेस वळलेली होती. ते हात जोडोन म्हणाले, "महाराज, सुटे शब्द शिकविण्याचे आठ पंधरवड्यांचे काम मी चार पंधरवड्यांत करून देईन. अडचण निराळी आहे. टोपीकर कागदावर एक बोलतो आणि तोंडाने जोडीने बोलतो. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. दोघे एकत्र आले की देणेही उरत नाही आणि वरही उरत नाही. गिव्ह अप म्हणजे हार मानून सोडून देणे. लुक म्हणजे पाहणे, आफ्टर म्हणजे नंतर; परंतु लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे. या जोड्या कळल्या नाहीत तर साहेब काय म्हणतो ते कळणार नाही आणि आपले म्हणणे त्याच्या काळजास लागणार नाही." विसाजीपंत म्हणाले, "म्हणजे नवराबायकोची गत. निराळे असता शहाणे, एकत्र आले की काय करतील नेम नाही." बुवा म्हणाले, "पंत, मी तर याला सत्संग म्हणतो. लोखंड परिसाशेजारी बसले की लोखंड राहते का? क्रियापदाचेही तैसेच, शेजारी कोण बसला त्यावर त्याची गती." महाराजांस हे बोलणे गोड लागले आणि दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू जाहली. महाराजांस एकट्याने शिकण्याचा संकोच, म्हणोन सारा दरबार सोबतीस बसविला.

प्रथम बुवांनी पाठशाळेची चाल धरली. पाटीवर जोड्या लिहाव्या, समोर अर्थ लिहावा आणि सर्वांनी डोलत घोकावे, "गिव्ह अप सोडणे, लुक आफ्टर सांभाळणे, कॅरी ऑन चालू ठेवणे, पुट ऑफ लांबणीवर टाकणे," ऐसा घोष श्रावणभर चालला, आणि शेजारच्या गल्लीतील लोकांस वाटले की राजवाड्यात अनुष्ठान बसले आहे. अर्थ पुसला तर कोणीही खडाखडा सांगे. परंतु बुवांनी म्हणावे, "आता या जोडीने एक वाक्य बोला," की सारे मुके. फडणीस छताकडे पाहात, सेनापती मिशीकडे पाहात, आणि महाराज तर पाटीकडेच पाहात. एके दिवशी महाराजांनी तीस जोड्या अस्खलित म्हटल्या आणि लगेच बुवांनी साहेबाच्या भाषेत पुसले, "महाराज, चंद्रावळीस सांभाळतो कोण?" तर महाराजांच्या तोंडून अक्षर निघेना, लुक आफ्टर हे दोन शब्द नुकतेच म्हटले होते, परंतु ते या कामास लावावयाचे आहेत हे मनात येईना. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. ते उठोन गेले आणि बुवा डोक्यास हात लावून बसले. तेव्हां सगुणाबाईसाहेब म्हणाल्या, "बुवा, एक पुसते, राग नसावा. कीर्तनात तुम्ही वैराग्य म्हणजे अमुक, करुणा म्हणजे तमुक, ऐशी यादी वाचता का?" बुवा म्हणाले, "छे छे, आईसाहेब, यादी वाचली तर श्रोते आरतीआधीच घरी जातील. मी गोष्ट सांगतो." बाईसाहेब म्हणाल्या, "मग साहेबाच्या भाषेनेच काय पाप केले आहे? तिलाही गोष्टीत घाला." बुवांनी साष्टांग नमस्कारच घातला. उठताना उपरण्याची गाठ सुटली, ती सेनापतींनी बांधून दिली.

त्या दिवसापासून दिवेलागणीस राजवाड्याच्या चौकात कीर्तन उभे राहू लागले. कीर्तनासारखे दुसरे काय आहे? मृदंगावर थाप पडली की शेतातून आलेला पाय दुखावयाचा थांबतो. बुवांनी आख्यान स्वतः रचिले: नदीकाठी एक म्हातारी गवळण, तिची एक गाय, गायीस ती लुक आफ्टर करी, वासरू होती तेव्हांपासून तिने तिला ब्रिंग अप केले, मग नदीस पूर आला, गाय प्रवाहात सापडली, गावकरी म्हणाले, गिव्ह अप, म्हातारीने दावे दोन्ही हातांनी धरून होल्ड ऑन केले, आणि शेवटी जगन्नियंता नावाड्याच्या रूपाने टर्न अप जाहला. बुवा अर्थ सांगत नसत. गवळणीचे हात करून दाखवीत, दावे ताणीत, डोळे भरून आणीत, आणि शब्द आपोआप पोटात उतरे. रीत ऐशी घातली की आख्यानात जोडी आली की ज्यास ओळखू येईल त्याने "जोडी!" म्हणोन गर्जावे, सर्वांनी टाळांचा एक ठोका द्यावा आणि प्रथम गर्जणाऱ्याच्या कपाळी बुवांनी बुक्का लावावा. या बुक्क्याचा दरबारास ऐसा नाद लागला की पंतांचे कपाळ रोज काळे होऊन घरी जाऊ लागले. आणि उत्तररंगानंतर प्रत्येकाने त्याच जोडीने आपल्या घरची एक गोष्ट सांगावी, हा दुसरा नेम. विसाजीपंत उठोन म्हणाले, "माय वाइफ लुक्स आफ्टर मी." बाईसाहेब हसोन म्हणाल्या, "पंत, देवासमोर आहात. काकू तुम्हांस सांभाळतात की सोसतात?" बुवा म्हणाले, "सोसण्याचीही आहे, आईसाहेब, तिघांची आहे: पुट अप विथ." लगेच बायकांच्या बाजूने पंतांची बायको गर्जली, "जोडी! इतके दिवस हीच शोधत होते मी!" आणि टाळांचा ठोका पडला, आणि त्या रात्रीचा बुक्का काकूंस मिळाला.

महाराज या मेळ्यात सुखाने शिकू लागले. सर्वांच्या सुरात त्यांचा सूर मिळे, जोड्या ओठांवर येत, परंतु एकट्याने उभे राहोन गोष्ट सांगण्याची पाळी आली की पुन्हा घसा कोरडा. म्हणोन पहाटे उसाचे कांडे देताना ते चंद्रावळीशी त्या भाषेत बोलू लागले. तिचा माहूत बालेखान खराट्याने ठाण झाडीत ऐके आणि म्हणे, "सरकार, तिला कळतंय बरं का. कान हलवतीया." महाराज म्हणत, "बालेखान, कान ती माशांसाठी हलविते." आणि तरी बोलत राहात. एके पहाटे त्यांनी गवळणीचेच वाक्य घेतले, "आय ब्रॉट हर अप," आणि मग थबकले. हे खोटे, आपण हिला वाढविले नाही. मग हळूच म्हणाले, "यू ब्रॉट मी अप." घशास कोरड पडली नाही. महाराजांस स्वतःचेच नवल वाटले.

मग कार्तिकी पौर्णिमा आली. नदीच्या वाळवंटात साहेबांचा तंबू पडला, शिपाई बंदुका घेऊन दुतर्फा उभे राहिले, आणि चंद्रावळीस अंगावर झूल घालून बालेखान घेऊन आला, कारण अर्ज फेटाळला तर तेथूनच हवाली करणे होते. गिरनफील साहेब उंच, लाल, घामाघूम, डोकीस मोठी टोपी. त्यांनी त्रिविक्रमबुवांस पाहोन विचारले, हा दुभाष्या काय? आणि दुभाष्या नव्हे, गुरू आहे, ऐसे कळल्यावर गुरूने दूर वडाखाली बसावे ऐसे सांगितले. बुवा जाताना महाराजांच्या कानात म्हणाले, "महाराज, श्रोता भेटला आहे ऐसे समजा. श्रोत्याच्या डोळ्यांकडे पाहावे, बाकी पांडुरंग पाहील." मग महाराज उभे राहिले. बोलावयाचे सारे तयार होते. परंतु तोंड उघडले तो आवाज नाही, आणि घाबरोन त्यांनी जे ओठांवर पहिले आले ते धरिले, म्हणजे कीर्तनाची चाल. "शी इज ओल्ड, सऽऽर," ऐसे सुरात निघाले मात्र, आणि मागे बसलेल्या दरबाराने सवयीने तेच धृपद उचलले! सेनापतींनी अंगरख्यातून टाळ काढिले, फडणिसांनी चिपळ्या काढिल्या, विसाजीपंत एका पायावर डोलू लागले, आणि वाळवंटात "शी इज ओल्ड सर" हा गजर दुमदुमला. शिपायांस वाटले बंड जाहले. त्यांनी बंदुका सरसावल्या. साहेब ताडकन उठोन ओरडले, "व्हॉट इज गोइंग ऑन?" गोइंग ऑन ऐकताच पंतांचे भान हरपले आणि ते आनंदाने गर्जले, "जोडी!" आणि दरबाराने टाळांचा एक ठोका दिला. साहेब लाल होते ते जांभळे जाहले. म्हणाले, "शट अप!" सारा दरबार एकमुखाने म्हणाला, "जोडी!" आणि पुन्हा ठोका. साहेबांनी छडी मेजावर आपटिली, आपल्या लेखकास म्हणाले हत्तीण ताब्यात घ्या, आणि पाठ फिरवून तंबूकडे निघाले. दोन शिपाई चंद्रावळीकडे चालू लागले. बालेखानाने तिची सोंड छातीशी धरिली.

तेव्हां महाराजांस कळले की आपल्या माणसांनी प्रेमाने घात केला आहे आणि आता या जगात आपल्यावाचून बोलणारा कोणी नाही. त्यांनी मागे वळोन दरबाराकडे हात केला, तसे टाळ खाली आले, आणि मग ते वाळूतून धावत गेले, पागोटे सैल जाहले, आणि साहेबांच्या पाठीमागे उभे राहोन, सूर नाही, चाल नाही, साध्या आवाजात म्हणाले, "सर, प्लीज डोन्ट गो अवे." साहेब वळले. मनुष्याचा आवाज काकुळतीने भरला असता कोणत्याही मुलखाचा मनुष्य वळतो. साहेबांनी आपल्या भाषेत पुसले, "एवढे काय आहे त्या जनावरात? पुष्कळांनी दिले आपले हत्ती." महाराजांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले आणि म्हणाले की सर, ती चढावर ब्रेक डाउन होईल, तिचा पाय गेला आहे. साहेब म्हणाले, प्रत्येक राजा हेच सांगतो. मग महाराज म्हणाले, "माय मदर डाइड. शी ब्रॉट मी अप." आणि बोट हत्तिणीकडे केले. साहेबांनी हत्तिणीकडे पाहिले. चंद्रावळ आपल्या अधू डोळ्याने कोठेच पाहात नव्हती. बालेखानाच्या खांद्यावर सोंड टाकून उभी होती.  मग साहेब खुर्चीवर बसले, महाराजांसही बसविले, आणि हळू आवाजात म्हणाले की हुकूम वरून आला आहे, आय कॅनॉट कॉल इट ऑफ. ही जोडी महाराजांनी कधी ऐकली नव्हती. परंतु साहेबांचा हात वर गेला, मग रिकामा खाली आला, आणि त्यावरून कळले की रद्द करणे यांच्या हाती नाही. मग साहेब आपल्याशीच बोलल्यागत म्हणाले की माझी एक कुत्री होती, नाव जेनी, म्हातारी. मी इकडे यावयास निघालो तेव्हां मागे राहीना, म्हणोन जहाजावर घेतली. आणि थांबले, आणि समुद्र असावा त्या बाजूस पाहोन म्हणाले, "शी पास्ड अवे." दरबाराने जोडी ओळखिली. पंतांचे तोंड उघडले होते. टाळ धरिलेले हात वर आले होते. परंतु साहेबांचा चेहरा पाहोन कोणी गर्जला नाही. पंतांनी तोंड मिटले आणि उपरण्याने उगीच कपाळ पुसले. अर्थ कोणास पुसावा लागला नाही.

महाराज म्हणाले, "आय ॲम सॉरी, सर." मग क्षणभराने म्हणाले, "कॉल ऑफ नो. पुट ऑफ, सर?" रद्द नको, लांबणीवर टाका. साहेबांनी भुवई चढविली आणि पुसले, "पुट ऑफ? टिल व्हेन?" कोठवर लांबवू? महाराजांनी चंद्रावळीकडे पाहिले. तिच्या झिजल्या कानांकडे, ओढत्या पायाकडे पाहिले, आणि नुकता ऐकलेला शब्द साहेबांच्या ओंजळीतूनच उचलोन त्यांस परत दिला, "टिल शी पासेस अवे."  साहेब लेखकाकडे वळोन म्हणाले, लिही: हुकूम कायम आहे, परंतु या हत्तिणीपुरता तिच्या अंतकाळापर्यंत तहकूब. लेखकाने वर पाहिले, साहेब म्हणाले, "यू हर्ड मी," आणि लेखकाने लिहिले. वडाखाली बुवांस दुरून शब्द ऐकू येत नव्हते. परंतु शिपाई माघारी फिरले, बालेखान हत्तिणीच्या पायाशी बसोन रडू लागला आणि दरबार "गोपाळकृष्ण महाराज की जय" म्हणोन उठला, तेव्हां त्यांनी दोन्ही हात जोडून वर पाहिले आणि उपरण्याची गाठ सुटली ती तैशीच राहू दिली.

चंद्रावळ त्यापुढे पुष्कळ वर्षे जगली. तोफा घाटावर गेल्या, परत आल्या. ती आपली ऊस खात आणि पाय ओढीत नदीवर जात असे. मग एका माघ महिन्यात, पहाटे, महाराजांचा हात सोंडेवर असता तिने प्राण सोडिला. तहकुबीची मुदत सरली. पंत म्हणाले, एक स्वार पाठवू, निरोप सांगेल. महाराज म्हणाले, "नको, हे मीच सांगतो." आणि एकटेच छावणीत गेले, दरबार नाही, टाळ नाही, बुवाही नाहीत. गिरनफील साहेब तेव्हां थकलेले, स्वदेशी परतण्याच्या तयारीत होते. त्यांनी महाराजांस ओळखिले आणि कशासाठी आलात ऐसे पुसले. महाराजांनी जे सांगावयाचे ते त्यांच्या भाषेत एकाच वाक्यात सांगितले, आणि आवाज अडखळला नाही. साहेब खुर्चीवरून उठले, आणि त्यांनी डोकीची टोपी उतरवोन हाती धरिली.

एवढे वर्तमान. राजा एका जिवासाठी बोलावयास शिकला, श्रोत्यांच्या गजराने शिकला आणि गजर थांबल्यावर बोलला. सांगणारे त्रिविक्रमबुवा, सोसणारे सर्व. ऐकणाऱ्यांचे कल्याण असो. लेखनसीमा.